निकाल लागू नये म्हणून

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, घर जागेवर आहे, आणि तुझी ती कुंडीतली तुळतुळीत पानांची झाडबाईही जिवंत आहे. फोन हाताशी असताना ताईला पत्र लिहायची काय हौस आली, असं तू जावईबापूंना विचारणार हे मला इथे बसून ऐकू येतंय. त्याचं उत्तर आहे, पण ते शेवटी. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचायचं ही तुझी लहानपणापासूनची खोड, ती या वेळी जरा आवर. नीट पहिल्यापासून वाच, चहा घेऊन वाच, आणि वाचताना मध्ये मध्ये डोळे पुसत बसू नकोस, कारण रडण्यासारखं यात काही नाही.

आधी तुझ्या निरोपाचं बोलू. म्हणे, ताई जेवत नाही हे तुला कळलंय. म्हणे, जावईबापूंशी बोलणं झालंय, ते दुकानाला कुलूप लावायला तयार आहेत, आणि महिनाअखेरीला तुम्ही दोघं बाडबिस्तरा घेऊन माझ्याकडे कायमचे राहायला येताय. अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्या माणसाने खिळा खिळा ठोकून ते दुकान उभं केलंय. गावातल्या निम्म्या घरांतले सोफे त्यांनी शिवलेले, आणि तू आत्ता कुठे कापड सरळ कापायला शिकलीस. ते सगळं सोडून इथे येऊन काय करणार आहात? माझ्या तोंडाकडे बघत बसणार? आणि तुला हे कळवलं कोणी, तेही मला ठाऊक आहे. शेजारच्या काकू. माझ्या कचऱ्याच्या पिशवीत बिस्किटांच्या वेष्टनांशिवाय काही नसतं, असा अहवाल त्यांनी तुला दिला. काकू लोकांच्या कचऱ्यात डोकावतात याचं कोणालाच काही वाटत नाही, पण मी बिस्किटं खाल्ली तर त्याची बातमी होते!

बरं, काकू खोटं बोलल्या नाहीत. तुझं लग्न झालं आणि त्यानंतरचे काही महिने माझं जेवणाचं तंत्र पार बिघडलं होतं, हे खरं आहे. आई गेल्यावर मी तुला वाढवलं असं लोक म्हणतात; पण शाळेची फी आणि वह्यांची कव्हरं सोडली तर वाढलीस तू तुझी तू, आणि दहा-बारा वर्षांची झाल्यापासून मलाच जेवायला घातलंस. मी आपली ऑफिसातून यायची, हात धुवायची, ताटावर बसायची. घरात गॅस कोणत्या बाजूला फिरवला की लहान होतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. तू तुझ्या चाळिशीनंतर लग्न करून गेलीस तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी साठीला आले आणि मला साधा भात लावता येत नाही. मग ओट्याशी उभं राहून चार बिस्किटं खायची, वर पाणी प्यायचं आणि तू फोनवर विचारलंस की भरपेट जेवले म्हणून सांगायचं. पण ही सगळी जुनी बातमी आहे. काकू कचऱ्याच्या बाबतीत फार मागे पडल्यात. मध्यंतरी काय काय झालं ते मी तुला सांगितलंच नाही, म्हणून आता सविस्तर ऐक.

आमच्या ऑफिसातल्या कॅन्टीनच्या मावशी नातवाला सांभाळायला गेल्या, हे तुला माहीत आहे. त्यांची जागा भरण्याऐवजी साहेबांनी त्या खोलीत एक फ्रीझर आणून ठेवला आणि एक मायक्रोवेव्ह. गोठवलेलं जेवण मिळतं ना बाजारात, डब्यावर झकास फोटो असलेलं, ते आणायचं, गरम करायचं, खायचं. भांडी घासायला नकोत, वास नको, कटकट नको. साहेब स्वतःवरच खूश होते. पण वजनकाटे तपासण्यात हयात घालवलेल्या या माणसाला साधी एक गोष्ट सुचली नाही. मायक्रोवेव्ह एक आणि जेवणारे आम्ही सगळे. एकाचा डबा बाहेर येईपर्यंत बाकीचे उभे. पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा चौथ्याचा डबा आत जातो. मावशी होत्या तेव्हा आम्ही सगळे त्या लांब टेबलाशी एकदम बसायचो, एकमेकांची उणीदुणी काढायचो, तासभर कसा जायचा कळायचं नाही. आता जो तो आपला डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला त्या रांगेचा इतका वैताग आला की मी आपली सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची, भूक नाही म्हणायची, आणि टेबलाच्या खणातून बिस्किटं काढायची. म्हणजे दुपारी तेच आणि संध्याकाळीही तेच. काकूंनी वेष्टनं मोजली असतील तर ती बरोबरच असणार.

मग साहेबांनी फर्मान काढलं. बाजारात या डब्यांच्या ढीगभर कंपन्या आहेत, प्रत्येकाचं वेगळं नको, एकच कंपनी ठरवू आणि फ्रीझर तिच्याच डब्यांनी भरून ठेवू. तर तुम्ही सगळे मिळून चाखून बघा, गुण द्या, आणि निकाल मला सांगा. झालं! वजनकाट्यांच्या ऑफिसला चाखायचं काम दिलं की काय होतं हे तुला सांगून खरं वाटणार नाही. मिलिग्राम तुला आठवतो ना, सोनारांचे नाजूक काटे दुरुस्त करणारा, देहाने हा एवढा अगडबंब? त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की सगळ्यांना समान वाटा मिळाला नाही तर गुणांना काही अर्थ नाही. म्हणून डबा गरम झाला की तो तपासलेल्या काट्यावर बशा ठेवून वाटण्या करायला लागला. वाटाणे चिमट्याने उचलायचा गं! आणि ट्रकचे धर्मकाटे बघणारा टन, जो स्वतः छत्रीच्या काडीसारखा आहे, तो शेजारी उभा राहून मिलिग्रामवर खेकसायचा की लवकर आटप, नाहीतर गरम आहे तोवर खायचं सोडून त्याचं श्राद्ध घालायची वेळ आपल्यावर येईल. ऑफिसचे फोन घेणारी फोनवाली मुलगी डबे पिशवीतून आणायची, वरचं कागदी खोकं फाडून लपवायची आणि बशांवर नुसते आकडे लिहायची, म्हणजे कोणती कंपनी ते कोणाला कळू नये. माझ्याकडे काम तेच, जे एरवी असतं. सगळ्यांचे गुण तपासायचे आणि खाली शिक्का मारायचा.

त्या डब्यांबद्दल काय सांगू! मशरूम घातलेला एक भात होता, त्याला भिजलेल्या मोज्याचा वास येतो असं टन म्हणाला, आणि त्यानंतर कोणालाच दुसरा वास येईना. एका पास्त्यात पालक आहे असं फोनवालीने खोकं वाचून सांगितलं होतं. मिलिग्रामने चिमट्याने शोधून एक हिरवा धागा काढला आणि तो काट्यावर ठेवला तर काटा हललाच नाही. मक्याचं एक सूप मात्र असं काही निघालं की आम्ही बशा चाटल्या. सगळ्यात गंमत मधल्या भागाची. कडेचा घास घेतला तर जीभ भाजते आणि मधला घेतला तर दात वाजतात. अर्ध्यात बाहेर काढून ढवळा, असं प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं, पण टनला सूचना वाचायचा भयंकर कंटाळा. वरच्या प्लास्टिकला भोकं पाडायलाही तो विसरला आणि एक दिवस आतल्या आत असा काही फटाका फुटला की फोनवाली फोनवर कोणा गिऱ्हाइकाशी बोलत होती ती जागच्या जागी किंचाळली. गिऱ्हाइकाला वाटलं ऑफिसवर दरोडा पडला. नंतर आम्ही सगळे मिळून मायक्रोवेव्हच्या छतावरून टोमॅटो खरवडत होतो आणि हसून हसून माझी कंबर दुखायला लागली होती. ठमे, तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा तेव्हा हसले असेन.

आणि हे बघ, चाखायचं म्हटल्यावर एका वेळी एकच डबा आणि तो सगळ्यांमध्ये. मग रांग कसली? एक डबा गरम व्हायचा तेव्हा सगळे टेबलाशी बसून आधीच्या डब्यावर तोंडसुख घ्यायचे. त्याचं उरकेपर्यंत पुढचा तयार. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. फोनवाली सांगायची की तिची आई तिच्यासाठी रोज एक नवा मुलगा शोधते आणि ती रोज त्याच्यात एक नवी खोट शोधते. टन त्याच्या गुडघ्याचं रडगाणं गायचा. मिलिग्राम माझ्या बशीत हळूच त्याच्या वाट्याचा मका सरकवायचा आणि वर साळसूद चेहऱ्याने सांगायचा की काटा तसं म्हणतोय. मी जेवत होते गं. मला कळायच्या आत मी रोज जेवत होते.

मग सगळे डबे चाखून झाले, बेरीज झाली, आणि मक्याच्या सूपवाली कंपनी आणि दुसरी एक कंपनी, दोघी पहिल्या. अगदी सारख्या. साहेब म्हणाले, पुन्हा चाखा. आम्ही पुन्हा चाखायला बसलो आणि टनने त्या मोजेवाल्या भाताला पैकीच्या पैकी गुण दिले. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग मान वर केली तर तो खिडकीबाहेर बघत होता. मिलिग्रामनेही तो कागद वाचला, पेन उचललं आणि मक्याच्या सूपाचे गुण कमी केले. त्याच सूपासाठी त्याने आदल्या आठवड्यात बशी चाटली होती. फोनवालीनेही काहीतरी खाडाखोड केली. बेरीज केली तर आता तीन कंपन्या पहिल्या. अगं, निकाल लागला की चाखणं संपणार, चाखणं संपलं की पुन्हा रांग, पुन्हा भिंत. हे सगळ्यांनाच कळलं होतं. आणि मी, जिच्या हातून आजवर एक वाकडा काटा पास झाला नाही, दुकानदारांनी हातापाया पडून, रडून, शिव्या घालूनही झाला नाही, त्या मी त्या कागदाखाली धडधडीत शिक्का मारला.

असे आम्ही बरेच आठवडे रेटले. कधी या दोन कंपन्या सारख्या, कधी त्या दोन. साहेब वैतागले. त्यांना डबेवाल्या कंपन्यांचे फोन यायचे की आमचं काय ठरलं. ते केबिनमधून ओरडायचे की जगभरचे काटे जुळवता आणि तुम्हाला एक जेवण ठरवता येत नाही? शेवटी त्यांनी बजावलं की येत्या शुक्रवारी ते स्वतः येऊन बसणार, आणि उठतील ते निकाल घेऊनच उठतील. बाजारात आता नवी कंपनीही उरली नव्हती. फोनवालीने सगळी दुकानं पालथी घातली होती. टन असा सुतकी चेहरा करून बसला की मला त्याचा राग आला. मग मी ठरवलं की कंपनी उरली नाही ना, मग आपण काढू.

आता बस आणि नीट वाच. मी स्वयंपाक केला. तू दमून यायचीस त्या दिवशी करायचीस ते बटाटे आणि टोमॅटो एकत्र शिजवलेलं पातळसर काहीतरी, वर भात. मी तुला फोन करून विचारलं होतं, आठवतं? शेजारच्या काकूंना हवंय अशी थाप मारली होती. मीठ किती, असं विचारल्यावर तू म्हणालीस, अंदाजाने. अंदाजाने! आमच्या ऑफिसात हा शब्द शिवीसारखा वापरतात. मी तुला म्हटलं की अंदाज म्हणजे किती, तर तू म्हणालीस की हाताला कळतं. माझ्या हाताला फक्त शिक्का मारायचं कळतं, बाई. तरी मी केलं. तळाशी थोडं लागलं, भात जरा गिचका झाला, पण झालं. मक्याच्या सूपाच्या रिकाम्या डब्यात ते भरलं, वर प्लास्टिक ताणून बसवलं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ऑफिसच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. फोनवालीला सांगितलं की नवी कंपनी आहे, माझ्या ओळखीची. तिने माझ्याकडे बघितलं आणि यादीत पुढचा आकडा घातला. गुणी मुलगी आहे.

शुक्रवारी साहेब आले. ते आमच्याबरोबर कधीच जेवलेले नाहीत हे तुला माहीत नसेल. मावशी होत्या तेव्हा त्यांचं ताट केबिनमध्ये जायचं आणि दार बंद. त्या दिवशी ते टेबलाच्या टोकाला असे बसले होते, जणू परीक्षेला बसवलंय. दोन-तीन डबे झाले. टनने त्याच्या गुडघ्याची गोष्ट सुरू केली आणि साहेब म्हणाले की त्यांचाही डावा गुडघा तसाच, आणि मग काय विचारतेस, दोघांचं असं जमलं की मिलिग्रामला बशा पुढे ढकलायला जागा मिळेना. मग माझा डबा आला. सगळ्यांनी पहिला घास घेतला. टन म्हणाला की हे दवाखान्यातून आणलंय का? मिलिग्राम म्हणाला की कंपनी फारच नवीन दिसते. फोनवालीने पाण्याचा ग्लास उचलला. आणि खरं सांगते, मी स्वतः चाखलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. अळणी! मिठाचा कणसुद्धा नाही. मी गुणांच्या कागदावर त्याला सगळ्यात कमी गुण दिले. बाकी सगळीकडे मी लबाडी केली होती, पण स्वतःच्या डब्याला खोटे गुण द्यायला मन धजेना.

साहेबांनी मात्र त्यांची बशी संपवली. अगदी शेवटपर्यंत. मग तोंड पुसून म्हणाले की निकाल आज लावता येणार नाही, ही नवी कंपनी होतकरू दिसते, तिला सुधारायला संधी दिली पाहिजे, पुढच्या खेपेला तिचा डबा पुन्हा आणा. टनचा वासलेला आ मिटेना. उठून जाताना साहेब माझ्या खुर्चीपाशी थांबले आणि मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले की बाई, मीठ विसरलात. आणि कंपनीच्या बटाट्यावर साल राहिलेलं नसतं. मग गेले निघून केबिनमध्ये. दार मात्र उघडंच ठेवलं.

तेव्हापासून आमच्याकडे नव्या कंपन्यांचं पीक आलंय. सोमवारी टनची कंपनी आली, तिच्या नूडल्स इतक्या तिखट की मिलिग्रामच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मिलिग्रामची कंपनी कोणती हे तर आंधळ्यालाही कळलं असतं, कारण त्यातली प्रत्येक शेंग दुसरीइतकीच लांब होती. परवा साहेब स्वतः एक डबा घेऊन आले, नवीन कंपनी आहे म्हणाले, आणि त्यातला भात असा काळाकुट्ट होता की आम्ही सगळ्यांनी त्यांना होतकरू म्हणून आणखी एक संधी दिली. निकाल कधी लागेल असं आता कोणी विचारत नाही. माझ्या कंपनीची पाळी येत्या बुधवारी आहे. आणि मी घरीसुद्धा शिजवते, ठमे, सराव म्हणून, आणि केलेलं खाते, टाकत नाही. काकूंना म्हणावं, आता जरा पिशवीत बघा. बटाट्याची सालं सापडतील.

आता पत्र कशाला, ते. वर मी तुला फैलावर घेतलंय, तुझा निरोप वाचून माझं डोकं फिरलं म्हणून. ते खरं आहे, पण ते नंतर फिरलं. निरोप आला त्या संध्याकाळी मी आधी काय केलं सांगू? तुझं कपाट उघडलं. त्यात मी माझ्या जाड चादरी कोंबल्या होत्या, त्या काढल्या, कप्पे पुसले, तुझ्या उशीला नवा अभ्रा घातला, आणि हे सगळं करताना मी चक्क गुणगुणत होते. इतकी खूश झाले होते गं मी. तू येणार, कायमची येणार, पुन्हा आपण दोघी. मग अभ्र्याची टोकं नीट करता करता मला त्या फोनची आठवण झाली, मिठाचं विचारायला केलेल्या. तू अंदाजाने म्हणालीस, बोलणं संपलं, आणि फोन बंद करायला विसरलीस. मी ओट्याशी फोन कानाला लावून उभी होते. पलीकडे हातोडीचे ठोके ऐकू येत होते, तू जावईबापूंना दटावत होतीस की कापड घट्ट धरा, ते काहीतरी म्हणाले, आणि तू हसलीस. ठमे, या घरात तू माझ्यासाठी इतकी वर्षं राबलीस, पण असं हसताना मी तुला कधी ऐकलं नव्हतं. मी किती वेळ ऐकत राहिले देव जाणे. बटाटे तळाला लागले तेव्हा भानावर आले, आणि मीठ घालायचं राहिलं ते तेव्हाच. ते आठवलं आणि मी चादरी उचलून पुन्हा तुझ्या कपाटात ठेवल्या. फोन केला असता तर तू विचारलं असतंस, येऊ ना गं ताई, आणि मी ये म्हणून बसले असते. माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. कागदावर मात्र जमतंय. हे बघ, लिहिते. राहायला येऊ नकोस. दुकानाला कुलूप लावू नका. बुधवारी दोघं ऑफिसात जेवायला या, साहेबांनी दोन खुर्च्या वाढवायला सांगितल्यात, माझं मीठ बरोबर पडलंय का ते तू सांग, आणि गुरुवारी सकाळच्या बसने परत जा. मी येईन सोडायला.

तुझीच,
ताई